‘युयुत्सू’ लिहिताय? या चुका टाळा

ज्याला लढायची इच्छा आहे तो युयुत्सू. अर्थ एवढाच. पण हा शब्द नव्याने हाती लागला की लिहिणाऱ्याचे हात शिवशिवतात आणि खेळाडू, पुढारी, आंदोलक, दिसेल त्याला तो चिकटवला जातो. दुसऱ्यांची मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला याचा फार कंटाळा येतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली आणि सगळ्यात त्रासदायक चूक म्हणजे युयुत्सू हा शब्द ‘शूर’ किंवा ‘लढवय्या’ या अर्थाने वापरणं. संस्कृतात इच्छा दाखवायची तर धातूची द्विरुक्ती होते आणि पुढे ‘स’ लागतो. ज्ञा वरून जिज्ञासा, पा वरून पिपासा, मुच् वरून मुमुक्षा, तशी युध् वरून युयुत्सा. या सगळ्यांत फक्त इच्छा आहे. पराक्रम नाही, कौशल्य नाही. पिपासू म्हटल्याने कुणी विहीर खणली असं ठरत नाही.

एका स्मरणिकेची मुद्रितं माझ्याकडे आली होती. एका दिवंगत कार्यकर्त्यावरचा लेख. माणसाने उभा जन्म लोकांचे तंटे मिटवण्यात घालवलेला. लेखातला प्रत्येक प्रसंग तेच सांगणारा. आणि शेवटच्या परिच्छेदात वाक्य: ‘असे हे युयुत्सू व्यक्तिमत्त्व आज आपल्यात नाही.’ लेखकाला विचारलं तर म्हणाला, ‘लढवय्या फार साधा वाटत होता, म्हणून समानार्थी शब्दांच्या यादीतून हा घेतला.’ यादीत शब्द शेजारी शेजारी बसतात म्हणून ते जुळे ठरत नाहीत, हे त्याला पटवायला मूळ लेख लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला असेल. शेवटी ‘लढवय्या’ही काढला आणि ‘सलोख्यासाठी झटणारे’ असं सरळ लिहिलं.

माझी सवय साधी आहे. युयुत्सूच्या जागी ‘लढायला उतावळा’ ठेवून वाक्य मोठ्याने वाचतो. अर्थ टिकला तर शब्द राहतो, हसू आलं तर जातो. बहुतेक वेळा जातो.

आता महाभारत. ‘गीतेच्या पहिल्याच श्लोकात युयुत्सूचा उल्लेख आहे’ असं ठासून लिहिणारे भेटतात. ‘समवेता युयुत्सवः’ हे तिथे विशेषण आहे, तेही अनेकवचनी: लढण्याच्या इच्छेने जमलेले. धृतराष्ट्र ‘मामकाः’ आणि ‘पाण्डवाः’ दोघांबद्दल विचारतोय, म्हणजे दोन्ही बाजू युयुत्सू. त्यामुळे हा शब्द फक्त कौरवांना लावून पांडवांना सोडून देणंही चूकच. याच अध्यायात अर्जुन ‘योद्धुकाम’ असाही शब्द वापरतो, अर्थ तोच. युयुत्सू नावाचा माणूस वेगळा. धृतराष्ट्राचा वैश्य स्त्रीपासून झालेला मुलगा. युद्ध सुरू होण्याआधी युधिष्ठिराच्या हाकेला ओ देऊन तो पांडवांकडे गेला आणि युद्धानंतरही जिवंत राहिला. लढायची इच्छा असणारा, असं नाव घेऊन आपल्याच भावांच्या विरुद्ध उभा राहिलेला. त्याच्यावर जरूर लिहा, पण पहिल्या श्लोकात त्याला कोंबू नका.

‘युद्धखोर’ हा पर्याय नाही. त्यात दूषण आहे. युयुत्सूमध्ये ते असेलच असं नाही. भांडखोराला तर युद्धही लागत नाही, कारण पुरतं.

‘त्याच्यात प्रचंड युयुत्सू आहे’ असं लिहू नका. माणूस युयुत्सू, त्याच्यात असते ती युयुत्सा.

‘लढण्यासाठी युयुत्सू’ हेही नको. लढणं शब्दाच्या पोटातच आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर मराठीत सुटा शब्द ‘युयुत्सू’, शेवट दीर्घ. समासात आधी आला की ऱ्हस्व: युयुत्सुवृत्ती. गुरू आणि गुरुदक्षिणा, तसंच. मधला ‘यु’ मात्र कधीच दीर्घ नाही. ‘युयूत्सू’ दिसलं की लिहिणाऱ्याने शब्द ऐकलाय, वाचलेला नाही, हे कळतं. याच घाईत ‘विजिगीषू’तला ‘गी’ ऱ्हस्व होतो.

आणि जुजुत्सूशी याचं काही नातं नाही. ती जपानी युद्धकला. तिथल्या ‘जु’चा अर्थ मऊ, लवचीक असा आहे.