एकच करडा पडदा, फोटो मात्र पाच तऱ्हेचे

२०१९ च्या ऑगस्टमधे सांगलीत महापूर आला तेव्हा गावभागातल्या आमच्या स्टुडिओत पाणी शिरलं आणि रंगवलेले पडदे सगळे गेले, धबधब्याचा, खांबांचा, बागेचा, एकही राहिला नाही. माळ्यावर टाकलेला एक करडा सुती पडदा तेवढा वाचला. पुढं कितीतरी महिने त्याच्यावरच काम काढलं, आणि आज परत पैसे हातात असून पण मी दुसरा पडदा घेतलेला नाही, कारण पडद्यावर उजेड किती पाडायचा हे हातात आलं की तोच पडदा काळा पण होतो, पांढरा पण होतो.

सगळ्यात आधी अंतर समजून घ्या. फ्लॅशपासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. आता फ्लॅश पडद्यापासून ८ फुटांवर ठेवा आणि माणूस पडद्यापुढं २ फुटांवर बसवा, म्हणजे चेहरा फ्लॅशपासून ६ फूट. चेहऱ्यावर आणि पडद्यावर उजेडात एका स्टॉपचा पण फरक पडत नाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), पडदा करडाच दिसतो. आता फ्लॅश तिथंच ठेवा, फक्त स्टूल पुढं ओढा, पडद्यापासून ६ फुटांवर, फ्लॅशपासून २ फुटांवर. आता पडद्यावर चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच उजेड पडतोय, म्हणजे ४ स्टॉप कमी, पडदा जवळजवळ काळा. चेहरा जवळ आला म्हणून फ्लॅशची पॉवर तीन स्टॉपच्या आसपास उतरवायची विसरू नका, नाहीतर कपाळ जळतं. सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करायला फ्लॅशला लावतात ती पांढऱ्या कापडाची पेटी, मोठा असेल तर हा हिशोब जरा ढिला होतो, पण दिशा तीच. मी फरशीवर २, ४ आणि ६ फुटांवर टेपच्या खुणा करून ठेवल्यात, रोज मोजत बसायला नको.

काळं करताना दोन गोष्टी नडतात. एक म्हणजे खोली लहान आणि भिंती पांढऱ्या असल्या की उजेड उलटा फिरून पडद्यावर येतो, मग बाजूला काळं कापड टांगायचं आणि फ्लॅश समोरून न मारता बाजूनं मारायचा म्हणजे त्याचा उजेड पडद्याला चुकवून जातो. दुसरी म्हणजे आपल्या लोकांचे काळेभोर केस त्या अंधारात विरघळतात, डोकं कुठं संपलं तेच कळत नाही. त्याला मागून एका बाजूनं छोटा फ्लॅश, पुढं हनीकोंब ग्रीड, म्हणजे उजेड पसरू न देणारी मधाच्या पोळ्यासारखी जाळी लावून, केसांवर हलकासा. जास्त नको, टक्कल चमकल्यासारखं दिसतं.

पांढरा करायचा तर उलटं. पडद्यावर वेगळा फ्लॅश मारायचा, चेहऱ्यापेक्षा अडीच ते तीन स्टॉप जास्त. छोट्या फ्लॅशला अख्खा पडदा जमत नाही, म्हणून हे छातीपर्यंतच्या फोटोलाच करा आणि माणूस किमान ५-६ फूट पुढं घ्या, नाहीतर मागचा उजेड गालावर येतो. लग्नाच्या बायोडाट्याला पांढरं मागतात, ते असंच निघतं.

रंग पाहिजे असेल तर त्याच मागच्या फ्लॅशला जिलेटिन पेपर, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद लावायचा. इथं करडा पडदा पांढऱ्यापेक्षा सरस, रंग गडद बसतो. फक्त चेहऱ्याचा उजेड पडद्यावर पडता कामा नये, पडला की रंग फिका. पॉवर कमी ठेवली की रंग घट्ट, वाढवली की फिकट, म्हणजे एकाच निळ्या पेपरवर रात्रीचं पण आभाळ मिळतं आणि सकाळचं पण. हिरव्या पैठणीमागं मला मातकट नारिंगी आवडतो, हिरव्यामागं हिरवा मी कधीच लावत नाही, साडी मरते. फ्लॅश माणसाच्या पाठीमागं खाली ठेवून पडद्यावर वरच्या दिशेनं मारला तर डोक्यामागं गोल वलय पण येतं, मुंजीच्या बटूला ते फार शोभतं.

नक्षी पाहिजे तर पुठ्ठ्याला भोकं पाडा किंवा नारळाची झावळी धरा, उघडा फ्लॅश लांब आणि झावळी पडद्याच्या जवळ म्हणजे सावली धारदार. सॉफ्टबॉक्स लावला की सावली गायबच होते.

मिरजेचे एक तंबोरा बनवणारे कारागीर आले होते, भोपळ्याचं पॉलिश इतकं चकचकीत की समोरून मारलं की फ्लॅशचाच पांढरा ठिपका दिसायचा. शेवटी स्टूल ६ फुटांच्या खुणेवर, सॉफ्टबॉक्स पार बाजूला, दुसऱ्या बाजूला उजेड परतवायला थर्माकोलची शीट, कॅमेऱ्याची सेटिंग १/१२५, एफ ८, आयएसओ १००. मागं सगळा अंधार, आणि भोपळ्याच्या कडेनं उजेडाची एक लांब रेघ आली.