फेल्प्सची बीजिंगची ८ गोल्ड परत बघायची असतील तर अशी बघा

अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सचं नाव निघालं की आपण लगेच २८ ऑलिम्पिक मेडल, त्यातली २३ गोल्ड असं सांगून मोकळे होतो, पण नुसत्या आकड्याने काही कळत नाही हो, रेसच बघायला लागतात. एक सुट्टीची सकाळ काढा आणि २००८ च्या बीजिंगच्या फायनल्स लावा.

पहिल्यापासून सुरुवात करू नका. आधी १०० मीटर बटरफ्लाय लावा, ही त्याची सातवी गोल्ड, म्हणजे अमेरिकेचाच जलतरणपटू मार्क स्पिट्झच्या १९७२ च्या म्युनिकच्या ७ गोल्डशी बरोबरी. ५० मीटरच्या टर्नला थांबवून बोर्ड बघा, फेल्प्स सातवा आहे! मग शेवटचे ५ मीटर आधी नॉर्मल स्पीडला बघा, शपथेवर सांगाल की सर्बियाचा चाविच जिंकला. आता तेच स्लो करून बघा, चाविच हात पुढे ताणून भिंतीकडे सरकत येतोय आणि फेल्प्सने मात्र अजून एक अर्धा स्ट्रोक मारलाय, आणि भिंतीवरच्या टचपॅडवर दाब पडल्याशिवाय घड्याळ थांबत नाही, त्यामुळे ५०.५८ विरुद्ध ५०.५९. मी किती वेळा बघितलंय तरी छातीत धडधडतं.

मग ४ बाय १०० फ्रीस्टाइल रिले. यात फेल्प्सकडे नका बघू, चौघांपैकी पहिला टप्पा त्याचा होता, तो पोहून तो बाहेर आलाय आणि आता त्याच्या हातात काहीच नाही. शेवटच्या लॅपला अमेरिकेच्या जेसन लेझॅकवर नजर ठेवा, फ्रान्सचा बर्नार्ड चांगला पुढे आहे आणि लेझॅक लेनच्या दोरीला चिकटून, बर्नार्डच्या लाटेचा फायदा घेत येतो, ०.०८ सेकंदाने अमेरिका! ही रेस ११ ऑगस्टची, त्याच दिवशी आपल्या अभिनव बिंद्राने गोल्ड मारलं, तारीख विसरणारच नाही.

तिसरी २०० बटरफ्लाय, ती आवाज बंद करून बघा. गॉगलमध्ये पाणी शिरलं होतं, भिंत दिसत नव्हती, तो स्ट्रोक मोजत पोहला. शेवटचे ५० मीटर तुम्हीही मोजा, म्हणजे कळेल ट्रेनिंगमध्ये किती वेळा मोजले असतील ते. आणि तरी १:५२.०३, वर्ल्ड रेकॉर्ड.

बाकीच्या पाच एका दमात बघून टाका, फक्त प्रत्येक टर्ननंतर तो पाण्याखाली किती वेळ राहतो ते बघत जा. डोकं बाहेर काढायच्या आधी १५ मीटरपर्यंत डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) मारायला परवानगी असते, आणि बाकीचे लवकर वर येतात तेव्हा हा अजून खालीच असतो, माझ्या मते निम्म्या रेस त्याने तिथेच जिंकल्यात. हीट, सेमी धरून ९ दिवसांत १७ वेळा पाण्यात उतरलाय हेही डोक्यात असू द्या.

पोरं बरोबर असतील तर त्यांना सांगा की कोल्हापूरचा वीरधवल खाडे त्याच ऑलिम्पिकला, त्याच पूलमध्ये १६ व्या वर्षी फ्रीस्टाइल पोहला होता. आणि फेल्प्स १५ व्या वर्षी सिडनीला एकच इव्हेंट पोहला, २०० बटरफ्लाय, पाचवा आला, मेडल नाही. ती रेस मिळाली तर सगळ्यात शेवटी लावा.