दुसरं नाव रिकामं ठेवू नका

डॅलसच्या परिसरात येऊन मला बावीस वर्षं झाली. फ्रिस्को, प्लेनो, आर्व्हिंगला नव्यानं आलेली मंडळी गणपतीत भेटतात, शाळा कुठली चांगली, घर आत्ता घ्यावं का, ग्रीन कार्डचं काय, सगळं विचारतात. ‘मेडिकल पॉवर ऑफ ॲटर्नी केलीत का?’ म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा उपचारांचे निर्णय कुणी घ्यायचे, ते लिहून ठेवायचा कागद, असं मी विचारलं की चेहरे उतरतात. ‘ताई, सणासुदीला कशाला हे अभद्र,’ असंही ऐकून घेतलंय. तरी विचारते.

आपल्याकडे कुणी दवाखान्यात पडलं की दहा माणसं जमतात, मोठं माणूस ‘करा’ म्हणतं आणि डॉक्टर करतात. इथं शुद्ध हरपलेल्या माणसाच्या वतीनं बोलायचा अधिकार कुणाला, हे कागदावर लागतं. टेक्सासात हा कागद सोपा आहे. राज्याच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म फुकट मिळतो, वकील लागत नाही. तुमच्या वतीनं निर्णय घेणाऱ्याला त्यात ‘एजंट’ म्हणतात. तुम्ही स्वतः निर्णय घेऊ शकत नाही असं डॉक्टरांनी लेखी दिलं तरच त्याचा अधिकार सुरू होतो. म्हणजे सही केली आणि सगळं दुसऱ्याच्या हातात गेलं, असं होत नाही. मत बदललं तर कधीही रद्द करता येतो, नुसतं तोंडी सांगूनही. आणि घटस्फोट झाला तर, तसं वेगळं लिहिलेलं नसल्यास, जोडीदाराची नेमणूक आपोआप रद्द होते.

आता आमची चूक सांगते.

माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालेलं नाही. त्यानं हा फॉर्म आमच्याच डायनिंग टेबलवर भरला. एजंट म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव लिहिलं. खाली पर्यायी एजंटची जागा होती. मीच म्हणाले, ‘दादा आहे ना, आणखी नाव कशाला?’ ती जागा कोरी राहिली.

चार वर्षांनी सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी नवरा सांगलीला निघाला, आणि तो विमानात असतानाच दिराला मेंदूचा संसर्ग झाला. दुपारी हॉस्पिटलात नेलं तेव्हा तो मला ओळखत नव्हता. मेंदूतलं पाणी काढायला नळी घालायची होती. जीव त्या क्षणी जाणार असता तर डॉक्टर कुणाची वाट बघत थांबले नसते. पण काही तास हातात होते, म्हणून संमती हवी होती. कागद माझ्या हातात, त्यावर माझं नाव नाही, आणि ज्याचं नाव आहे त्याचा फोन बंद. मग त्यांनी कायद्यातला क्रम लावला. बायको नाही, मुलं नाहीत, म्हणून आई-वडील. वहिनी त्या क्रमात आधी येत नाही.

इथं संध्याकाळचे पाच, सांगलीत पहाटेचे साडेतीन. सासरे ऑपरेशनसाठी दाखल, फोन सासूबाईंनी उचलला. हॉस्पिटलला दुभाषा स्वतःचाच हवा होता. मराठी मिळाला नाही, हिंदीवाला आला. धोके काय, नळी कुठं जाणार, सगळं त्या मोडक्या हिंदीत ऐकत होत्या. शेवटी मराठीत एवढंच म्हणाल्या, ‘ती तिथं आहे ना? मग मला का विचारता?’ ‘हो’ म्हणायला त्यांना तासाभरापेक्षा जास्त लागला. दीर बरा झाला. पण अंधारात एकट्या बसून त्यांनी तो तास कसा काढला, ते आजही माझ्या मनातून जात नाही.

म्हणून सांगते, पर्यायी नाव लिहाच. शक्य असेल तर दोन लिहा. आणि सगळी एकाच विमानात बसणारी माणसं नकोत. नवरा-बायको दोघंही दर डिसेंबरला एकत्र भारतात जात असाल तर तिसरं माणूस इथलंच हवं. आपली माणसं मानानं नाव लिहितात, थोरला भाऊ म्हणून, काका म्हणून. मान बाजूला ठेवा. गाडीनं येऊ शकेल, रात्री फोन उचलेल, आणि स्वतःला पटलं नाही तरी तुमच्या मनासारखं करेल, असं माणूस शोधा. ती मैत्रीण असली तरी चालते. फक्त तुमच्या मनात काय आहे ते तिला बसून सांगा. नाव लिहिलं आणि बोललोच नाही, हे मी फार घरांत बघितलंय.

मुलं अठरा वर्षांची झाली की आई-वडिलांचा पालक म्हणून असलेला अधिकार संपतो. फी आपण भरतो, विमा आपला, तरी हॉस्पिटल फोनवर एक शब्द सांगायला नकार देऊ शकतं. कॉलेजला सोडायच्या आधी फॉर्म भरून घ्या, दुसऱ्या राज्यात जाणार असतील तर त्या राज्याचाही. सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचाही करा. त्यांना प्रत्येक ओळ मराठीत समजावून, मगच सही घ्या.

हा कागद भारतातल्या हॉस्पिटलात चालेल असं धरू नका. तिथं जगवणारे उपचार थांबवण्याबद्दल आधी लिहून ठेवायची सोय सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये दिली आणि 2023 मध्ये सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी लागतो. आई-बाबांचा तो वेगळा करा. पैशांच्या व्यवहाराचं मुखत्यारपत्रही निराळं असतं.

टेक्सासात सही नोटरीसमोर किंवा दोन साक्षीदारांसमोर करायची. साक्षीदारांपैकी निदान एक जण नात्यातला, वारसदार किंवा एजंट नसावा. नोटरी बरा, बँकेत बऱ्याचदा खातेदारांना फुकट करून देतात. सही घरून करून नेऊ नका, तिथंच करा. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, शनिवारी रात्री लॉकर उघडत नाही. प्रत एजंटला, प्रत पर्यायी एजंटला, एक तुमच्या डॉक्टरांकडे, आणि फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये. माझा फ्रिजच्या दाराला लावलेल्या पाकिटात आहे, आणि शेजारच्या बाईंना ते माहीत आहे.