डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन घेताना या चुका टाळा

फ्लोरिडाच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची ट्रिप बुक करताना एक स्क्रीन येतेच, डायनिंग प्लॅन ॲड करायचा का म्हणून. तोवर हॉटेल आणि तिकिटांचे आकडे बघून माणूस आधीच दमलेला असतो आणि वाटतं की चला, जेवणाचे पैसे एकदाच भरून टाकू, तिथं जाऊन डोक्याला ताप नको. २०२० च्या मार्चमध्ये पार्क बंद झाले तेव्हा हा प्लॅनही बंद झाला होता, ९ जानेवारी २०२४ पासून परत सुरू झालाय, आणि तेव्हापासून घ्यावा की नको हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं म्हणणं एकच आहे, "डिस्नेत खाणं किती महाग असतं" याच्याशी प्लॅनची तुलना करू नका, तुमच्या घरचे लोक तिथं खरंच काय मागवणार याच्याशी करा. बहुतेक चुका या एकाच ठिकाणी होतात.

आधी थोडक्यात प्लॅन काय आहे ते. दोन प्रकार आहेत. क्विक सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीमागे दोन काउंटरवरची जेवणं आणि एक स्नॅक. मोठ्या प्लॅनमध्ये एक टेबल सर्व्हिस म्हणजे बसून वेटरकडे ऑर्डर द्यायचं जेवण, एक क्विक सर्व्हिस आणि एक स्नॅक. दोन्हीत माणशी एक रिफिल मग मिळतो, म्हणजे पुन्हा पुन्हा ड्रिंक भरून घ्यायचा मग. डिस्नेच्या स्वतःच्या रिझॉर्टमध्ये, सहसा पॅकेज घेऊन, राहणाऱ्यांनाच हा प्लॅन मिळतो, आणि खोलीतल्या ३ वर्षांच्या आणि त्यावरच्या सगळ्यांना तोच प्लॅन पूर्ण मुक्कामासाठी घ्यावा लागतो. म्हणजे बाबांना एक आणि आजीला दुसरा, किंवा फक्त मुलांना, असं काही चालत नाही.

रात्री आणि दिवस यात गल्लत

ही चूक फार लोक करतात. प्लॅनमधल्या प्रत्येक जेवणाला किंवा स्नॅकला एक क्रेडिट म्हणतात, आणि ही क्रेडिट रात्रीवर मिळतात, दिवसांवर नाही. चार रात्री पाच दिवस असा मुक्काम असेल तर माणशी चार सेट मिळणार, पाचव्या दिवसाचं जेवण त्यातूनच वाचवायचं नाहीतर खिशातून. उलटंही होतं, विमान रात्री उशिरा उतरतं, त्या रात्री कोणी काही खात नाही आणि ती क्रेडिट पुढच्या दिवसांवर साचत जातात. सगळी क्रेडिट चेकआउटच्या दिवशी रात्री १२ ला संपतात, उरलेल्यांचे पैसे परत मिळत नाहीत. त्यात दिवसाला प्लॅनमध्ये दोनच जेवणं आहेत, तिसरं तुमचं तुम्हाला बघायचंय, म्हणून "जेवणाचा प्रश्नच मिटला" असं समजून गेलात तर पहिल्याच सकाळी ब्रेकफास्टला पाकीट काढावं लागेल.

मेन्यू न उघडता पैसे भरणं

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरा निर्णय इथंच होतो. २०२४ मध्ये प्लॅन परत आला तेव्हाचे दर असे होते: क्विक सर्व्हिस मोठ्यांना ५७.०१ डॉलर, ३ ते ९ वयाच्या मुलांना २३.८३. मोठा प्लॅन मोठ्यांना ९४.२८, मुलांना २९.६९. हे सगळं माणशी, दर रात्रीमागे, टॅक्स धरून. त्यानंतर दर बदललेत, तुमच्या तारखांचा आकडा बुकिंगच्या स्क्रीनवर दिसेल, पण हिशोबाची पद्धत तीच राहते म्हणून मी हेच आकडे धरतो.

क्विक सर्व्हिसचे ५७ घ्या. स्नॅकचे साधारण ७ डॉलर धरून वजा केले तर ५० उरतात, म्हणजे एका काउंटर जेवणामागे २५ डॉलर. या जेवणात काय येतं तर एक मुख्य डिश आणि एक ड्रिंक, बस. आता डिस्नेच्या साइटवर किंवा ॲपमध्ये सगळ्या रेस्टॉरंटचे मेन्यू किंमतीसकट आहेत, ते उघडा आणि प्रत्येक माणूस काय घेईल ते खरंखुरं लिहून काढा. मेन्यूवरच्या किंमतीत टॅक्स नसतो, ऑरेंज काउंटीत तो ६.५ टक्के आहे, तो वर धरा. तुमची डिश आणि सोडा मिळून २५ ला पोचतात का? ज्यांच्या घरात बार्बेक्यूची मोठी प्लेट आणि सोबत बिअर असा प्रकार आहे त्यांचं पोचतं. व्हेज बर्गर आणि पाणी पिणाऱ्यांचं पोचणं अवघड आहे, आणि पाणी तर ड्रिंक मशीन असलेल्या काउंटरवर बर्फ घालून फुकट मिळतं.

इथंच आपल्याकडच्या बऱ्याच कुटुंबांचं गणित फसतं. प्लॅनची किंमत सगळ्यांना सारखी, पण वसुली होते स्टेक, सीफूड आणि दारूवर. २१ च्या वरच्यांना ड्रिंकमध्ये कॉकटेल, वाइन चालते आणि तीच एका जेवणामागे बरेच डॉलर वसूल करून देते. जे पीत नाहीत आणि शाकाहारी आहेत त्यांच्यासाठी तोच प्लॅन सरळ सरळ महाग पडतो. खायला मिळत नाही असं अजिबात नाही हं, डिस्नेत शाकाहारी आणि व्हीगन पदार्थ भरपूर आहेत आणि टेबल सर्व्हिसमध्ये आधी सांगितलं तर शेफशी बोलताही येतं, प्रश्न फक्त त्या पदार्थांच्या किंमतीचा आहे. एक उदाहरण देतो. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्ने रिझॉर्टच्या साना रेस्टॉरंटमधली ब्रेड सर्व्हिस आपल्या लोकांमध्ये फार लाडकी, नान वगैरे आणि सोबत चटण्यांच्या वाट्याच वाट्या. पण मेन्यूवर ती स्टार्टर म्हणून आहे, आणि टेबल सर्व्हिसच्या क्रेडिटमध्ये मुख्य डिश, डेझर्ट आणि ड्रिंक येतं, स्टार्टर येत नाही. म्हणजे ज्यासाठी तुम्ही तिथं जाणार त्याचेच पैसे वेगळे. शाकाहारी असून मोठा प्लॅन घेतलाच असेल तर बुफे शोधा, त्याच लॉजमधलं बोमा चांगलं आहे, तिथं एका क्रेडिटमध्ये हवं ते हवं तेवढं घेता येतं.

आणि सोबत भारतातून आलेले आईबाबा असतील तर जरा जास्तच विचार करा. ते दुपारी अर्धं सूप पिऊन उठतात, रात्री नुसता भात मिळाला तरी खूश असतात, त्यांच्या नावावर रोज ९४ डॉलर भरायचे म्हणजे मला तरी पटत नाही. एका खोलीत असाल तर त्यांचाही प्लॅन घ्यावाच लागतो हे वर सांगितलंच.

मुलांचं वय आणि कॅरेक्टर मील

याच प्लॅनची दुसरी बाजू मुलं. ज्या घरात ३ ते ९ ची मुलं आहेत आणि मिकी, गूफी टेबलावर येऊन भेटणार अशी कॅरेक्टर मील करायचीच आहेत, तिथं मोठा प्लॅन खरंच फायद्याचा ठरू शकतो. शेफ मिकीज सारख्या ठिकाणी मुलाच्या एका डिनरचे पैसे २०२४ मध्ये मुलाच्या अख्ख्या दिवसाच्या प्लॅनपेक्षा जास्त होते, म्हणजे एका जेवणात वसूल आणि बाकीचं वरचं. शिवाय २०२६ च्या मुक्कामासाठी मोठ्यांनी प्लॅन घेतला तर ३ ते ९ च्या मुलांना तो फुकट अशी ऑफर डिस्नेने आणली. अशी लहान मुलं, मांसाहारी आईवडील, रोज एक कॅरेक्टर मील, असं कुटुंब मला विचारायला आलं तर मी घ्या म्हणूनच सांगतो.

पण मूल १० चं झालं की प्लॅनच्या हिशोबात ते मोठं. त्याचे ९४.२८ भरायचे, आणि ड्रिंक अर्थातच सोडा नाहीतर मिल्कशेक. दोन मोठे, एक दहा वर्षांचा आणि एक सहा वर्षांची असं कुटुंब धरा, मोठ्या प्लॅनचे रात्रीचे ३१२.५३ डॉलर होतात. तोच मुलगा नऊ वर्षांचा असता तर २४७.९४. पाच रात्रींत ३२२.९५ डॉलरचा फरक, एका वर्षासाठी! घरात १० ते १५ ची मुलं असतील आणि ती चिकन टेंडर्सच खाणारी असतील तर प्लॅन सोडून द्या. ३ च्या खालच्यांना प्लॅन लागत नाही, ती मोठ्यांच्या ताटातून खातात.

टिप विसरणं

सगळं भरलंय म्हणून निर्धास्त बसतात आणि बिल आलं की चेहरा उतरतो. टेबल सर्व्हिसची टिप प्लॅनमध्ये नाही. चौघांच्या बुफेचं बिल समजा २२० डॉलर झालं तर १८ टक्क्यांनी जवळपास ४० डॉलर, आणि असं रोज केलं तर पाच दिवसांत २०० डॉलर जातात. सहा किंवा जास्त माणसं असतील तर १८ टक्के आपोआप लागतात. तुलना करताना ही टिप प्लॅनच्या खर्चात धरा, कारण प्लॅन नसता तर तुम्ही रोज टेबल सर्व्हिसला गेलाच नसता आणि ही टिपही लागली नसती.

टेबल मिळेलच असं धरणं

क्रेडिट आहे म्हणजे जागा आहे असं नाही. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतात, आणि डिस्नेच्या रिझॉर्टमध्ये राहणाऱ्यांना ६० दिवस आधी एकाच वेळी पुढच्या १० दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचं बुकिंग करता येतं. त्या सकाळी बसून करा, नंतर करू म्हटलं की नावाजलेली ठिकाणं गेलेली असतात आणि मग क्रेडिट संपवायची म्हणून कुठल्यातरी न आवडणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये बसायची वेळ येते. सिंड्रेलाज रॉयल टेबल आणि बरीच सिग्नेचर, म्हणजे जास्त महागडी, रेस्टॉरंट्स एका जेवणाला दोन टेबल सर्व्हिस क्रेडिट घेतात, हूप-डी-डू हा डिनर शोसुद्धा. ही दोन क्रेडिटची ठिकाणं सहसा परवडत नाहीत, मोठा प्लॅन घ्यायचा तर एका क्रेडिटच्या बुफेवरच जोर द्या. घ्यायच्या आधीच तुमच्या तारखांना काय मिळतंय ते बघून ठेवलं तर उत्तम.

वेळेचाही विचार करा ना. बसून जेवायचं म्हणजे तास दीड तास जातो, त्यात तिथवर जाणं वेगळं, कारण हव्या त्या रेस्टॉरंटसाठी कधी दुसऱ्या पार्कातून नाहीतर दुसऱ्या रिझॉर्टमधून यावं लागतं. महागडं तिकीट काढून आत गेल्यावर रोज एवढा वेळ जेवणाला द्यायचाय का हे घरात आधी बोलून घ्या, दोन दिवसांनी मुलं राइडसाठी रडतात आणि मोठे रिझर्वेशनसाठी धावतात, कोणालाच मजा येत नाही.

फुकट म्हटलं की उडी

डिस्ने अधूनमधून फ्री डायनिंगच्या ऑफर काढतं. त्या सहसा खोलीच्या डिस्काउंटबरोबर जोडता येत नाहीत, म्हणून दोन्हींची एकूण रक्कम शेजारी लिहा: पूर्ण भाड्याची खोली आणि फुकट प्लॅन, किंवा सवलतीची खोली आणि जेवण खिशातून. स्वस्त खोली आणि जास्त माणसं असतील तर बऱ्याचदा पहिलं परवडतं, महागड्या रिझॉर्टमध्ये दोघंच असाल तर बऱ्याचदा दुसरं.

रिफिल मगचंही तसंच, तो फक्त रिझॉर्टवर रिफिल होतो, पार्कात नाही. सकाळी सातला निघून रात्री दहाला परतणाऱ्यांनी त्याची किंमत हिशोबात धरूच नये.

बाहेरचं खाणं पार्कात चालतं हेही कित्येकांना माहीत नसतं. काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही, बाकी सँडविच, फळं, घरचा डबा खुशाल न्या. ब्रेकफास्ट खोलीवर, दुपारी बॅगेतलं काहीतरी आणि रात्री एक चांगलं जेवण असा ज्यांचा बेत असतो त्यांना प्लॅनची गरजच पडत नाही.

प्लॅन घेऊन झालाय, आता काय

अजून चेक-इन झालं नसेल तर पॅकेजमधून प्लॅन काढता येतो, जितक्या लवकर कराल तितकं बरं. चेक-इन झालं की मात्र तो वापरायचाच आहे असं समजा, आणि मग नियम सोपा, महाग जेवण क्रेडिटवर, स्वस्त जेवण खिशातून. काउंटरवर १२ डॉलरचं काही घेताय तर क्रेडिट जाळू नका, कार्ड द्या, आणि हे ऑर्डर देतानाच सांगा. टेबल सर्व्हिसमध्येही बसल्या बसल्या सांगा की प्लॅनवर आहोत. ॲपवरून मोबाइल ऑर्डर करताना क्रेडिट की पैसे तेही नीट बघून निवडा.

क्रेडिट खोलीतल्या सगळ्यांची एकत्र असतात, त्यामुळे एकाने जास्त स्नॅक वापरले तर दुसऱ्याचे कमी होतात. प्रत्येक पावतीवर उरलेली क्रेडिट छापलेली असतात, ती फेकू नका, आकडा चुकीचा वाटला तर त्याच दिवशी रिझॉर्टच्या फ्रंट डेस्कला पावती दाखवा, शेवटच्या दिवशी सगळं उलगडत बसणं फार त्रासाचं होतं. मुक्कामाच्या मध्यावर एकदा मोजून घ्या. टेबल सर्व्हिस साचली असतील तर ॲपमध्ये त्या दिवशीची रिकामी झालेली टेबलं बघत राहा, लोक आदल्या रात्रीपासून कॅन्सल करत असतात. स्नॅक उरले तर चेकआउटच्या दिवशी पॅकबंद काहीतरी घ्या आणि विमानतळाच्या वाटेवर खायला ठेवा. त्या दिवसाची फ्लाइट संध्याकाळची असेल तर दुपारचं मोठं जेवणही क्रेडिटवर होतं, फक्त बॅगा रिझॉर्टच्या बेल सर्व्हिसकडे देऊन या.