घाबरलेल्या पेशंटची शुश्रूषा: वॉर्डात होणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यातली नाईट होती. रात्री दीडच्या सुमारास तिशीतल्या एका ऑटोवाल्याला त्याचा भाऊ धरून घेऊन आला. बनियन घामानं चिंब, बोटं आखडलेली, श्वास भराभर. "सिस्टर, माहा जीव चालला जी. हाताले मुंग्या येऊन राहिल्या." इसीजी काढला, साखर पाहिली, ऑक्सिजन ९९. डॉक्टरांनी नीट तपासलं. मग मी त्याला धीर द्यायला म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, काही झालं नाही तुम्हाला."

तो माझ्याकडे बघत राहिला. "काहीच नाही झालं तं मंग छाती धडधडते कायले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार दिवसांनी तो पुन्हा आला. मधल्या काळात आणखी दोन दवाखाने करून, दोन इसीजी काढून आणि ऑटो बंद ठेवून. नागपुरात इतकी वर्षं नर्सिंग केल्यावर, आता नवीन मुलींना शिकवताना मी याच चुकीपासून सुरुवात करते.

"काही झालं नाही" म्हणणं

पेशंटला होणारा त्रास खरा असतो. भीतीनं अ‍ॅड्रेनलिन वाढतं, नाडी पळते, घाम फुटतो. भराभर श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, कधी पंजा आखडतो. त्याला वाटतं हवा कमी पडतेय, म्हणून तो आणखी जोरात श्वास ओढतो आणि मुंग्या वाढतात. हे चक्र त्याला त्याच्या भाषेत समजावलं की निम्मी भीती तिथंच उतरते. आता मी असं म्हणते: "तुमची धडधड खरी आहे. हार्टचं तपासलं, तिथे धोका दिसत नाही. याला पॅनिक अटॅक म्हणतात. साधारण दहा मिनिटांत तो सगळ्यात जोरात येतो आणि मग उतरतो. तोवर मी इथंच बसते."

आणि खरंच बसायचं. "आलेच" म्हणून निघून गेलात, की पेशंटच्या दृष्टीनं तुम्ही त्याला मरायला सोडून गेलात.

श्वास शिकवताना "रिलॅक्स, दीर्घ श्वास घ्या" असं सांगू नका. अशा वेळी दीर्घ श्वास म्हणजे तो आणखी हवा ओढणार. खाटेच्या कठड्यावर माझी बोटं त्याला दिसतील अशी ठेवते. चार बोटं एकेक करून टेकवेपर्यंत नाकानं आत, मग सहा मोजेपर्यंत हळूहळू बाहेर, दिव्यावर फुंकर घालावी पण दिवा विझू नये इतक्या बेतानं. पहिले चार-पाच श्वास मी स्वतः त्याच्यासोबत घेते. पहिल्या मिनिटाला जमत नाही. तिसऱ्या मिनिटाला खांदे खाली येताना दिसतात. तोंडावर कागदी पिशवी धरण्याची जुनी पद्धत अजून काही जण वापरतात. ती सोडा. त्रास हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा निघाला तर पिशवीनं ऑक्सिजन आणखी कमी होईल.

"घाबरट पेशंट आहे" म्हणून तपासणं सोडून देणं

पहिल्या चुकीची ही दुसरी बाजू, आणि हिनं जीव जाऊ शकतो. शिफ्ट बदलताना हँडओव्हरमध्ये एकदा "बेड नंबर सहा अँक्शस (घाबरट) आहे" असं म्हटलं, की पुढच्या तिन्ही शिफ्ट त्याच चष्म्यातून बघतात. घाम, थरथर, धडधड म्हणजे साखर उतरलेली असू शकते. थायरॉइड वाढलेला असू शकतो, दमा असू शकतो. ऑपरेशननंतर पडून असलेल्या बाईला अचानक धाप लागली तर फुफ्फुसात गुठळी अडकलेली असू शकते. म्हणून दर वेळी नाडी, बीपी, श्वासाची गती, ऑक्सिजन, साखर, टेंपरेचर, सगळं नव्यानं बघायचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. उन्हातून आलेला माणूस बावचळल्यासारखा बोलत असेल आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजूनच हालचाल करा.

एक प्रकार माझ्या डोळ्यांदेखत घडला. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात एक मावशी खाटेवर बसेनात. उठायच्या, चार पावलं चालायच्या, परत बसायच्या, "मले सुचून नाही राहिलं बाई." सगळ्यांनी टेन्शन समजून समजावलं. ते औषधामुळे आलेलं अकाथिसिया होतं, म्हणजे एका जागी बसूच न देणारी बेचैनी. डॉक्टरांना कळवल्यावर औषध बदललं आणि मावशी शांत झोपल्या. हॅलोपेरिडॉल या मनोविकारावरच्या औषधानंतरही असं होतं.

दारू पिणारा पेशंट भरती झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरायला लागला, घाम, भास सुरू झाले, तर ती दारू सुटल्याची लक्षणं असतात. आणि नागपुरात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) विचारल्याशिवाय हिस्ट्री पुरी होत नाही. रोज पाच-सहा पुड्या खाणाऱ्याचा खर्रा वॉर्डात एकदम बंद झाला की तो चिडचिड करतो, झोपत नाही, येरझाऱ्या घालतो. न रागावता विचारा, नेमकं सांगतात.

भीतीच्या शिखरावर शिकवत बसणं

नर्सिंगच्या अभ्यासक हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. शेवटच्या दोन पायऱ्यांवर माणसाचं लक्ष इतकं आकसलेलं असतं की लांब वाक्य त्याच्यापर्यंत पोचत नाही. तिथं आहार, व्यायाम, औषधांचं समुपदेशन नको. "माझ्याकडे बघा." "पाय जमिनीला टेकवा." एका वेळी एकच वाक्य, हळू आवाजात. कूलरशेजारची खाट असेल तर ओरडून बोलावं लागतं आणि ओरडणं भीती वाढवतं; शक्य तर खाट हलवा, नाहीतर स्टूल जवळ ओढा. भोवती जमलेल्या सहा नातेवाइकांपैकी एकालाच थांबवा. हात धरण्याआधी विचारा. सगळ्यांना स्पर्श सोसत नाही, विशेषतः मारहाण सोसलेल्या बाईला.

म्हणूनच तिच्याशी एकदा एकटीशी बोलणं गरजेचं असतं. सासू शेजारी उभी असताना "घरी काही त्रास?" विचारलं तर उत्तर "नाही जी" हेच येणार. "नाटकं करते" असं नातेवाईक म्हणाले तर त्याला मान डोलावू नका, ती ऐकत असते. बाहेरचं झालं म्हणून मनगटाला दोरा बांधला असेल तर हसू नका, विचारल्याशिवाय कापूही नका. दोरा राहू द्या, गोळीही सुरू राहू द्या.

गोळीचं गणित

भरती करताना "घरी कुठली झोपेची गोळी घेता?" हे विचारा आणि पाकीट आणायला लावा. वर्षानुवर्षं एकाच जुन्या चिठ्ठीवर अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम चालू असलेली माणसं बरीच भेटतात. ती गोळी भरतीनंतर नकळत बंद पडली तर भीती दुपटीनं उसळते, फिटही येऊ शकते. दारूसोबत हीच गोळी श्वास दाबते. म्हाताऱ्या माणसाला दिली तर रात्री बाथरूमला जाताना सोबत जा.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या चिंता-नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ व बेचैनी उलट वाढू शकते. हे सांगितलं नाही तर पेशंट तिसऱ्या दिवशी गोळी फेकतो. पंचविशीच्या आतल्या मुलांना सुरुवातीच्या आठवड्यांत जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. धडधड कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल लिहिलं असेल तर आधी दमा आहे का ते पाहा.

नोट्समध्ये "पेशंट अँक्शस" एवढंच लिहिणं

यावरून पुढच्या सिस्टरला काहीच कळत नाही. मी असं लिहिते: "रात्री १.४०, नाडी ११८, श्वास ३०, ऑक्सिजन ९९, साखर १०४. पेशंट म्हणतो, 'जीव चालला.' हाताला मुंग्या. डॉक्टरांनी पाहिलं. सोबत बसून श्वासाचा सराव. २.१० ला नाडी ९२, श्वास १८, पाणी प्यायला." पेशंटचे शब्द त्याच्याच बोलीत लिहा, कारण पुढच्या वेळी "जीव चालला" ऐवजी "छातीवर कोणी बसलं" असं तो म्हणाला तर फरक लगेच डोळ्यात येतो.

सुट्टी देताना डिस्चार्ज कार्डाच्या मागे मी दोन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून देते: मनोविकार ओपीडीचा दिवस, आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर १४४१६. त्या ऑटोवाल्याला दुसऱ्या खेपेला तो दिला. त्यानं कार्ड घडी घालून मीटरच्या मागे खोचलं, भावाला मागे बसवलं आणि स्वतः ऑटो चालवत गेला.