ऑपरेशनला नेताना: आधी गोळ्यांची यादी, मग बाकीचं

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली, म्हणून हे लिहून काढतोय. आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चार्जर, चपला हे सांगायला नको. मेडिक्लेमवाल्यांना मात्र ॲडमिट व्हायच्या आधीच कळवून मंजुरी घ्या. काउंटरवर उभं राहून सुरुवात केलीत की दिवस गेलाच.

आता गोळ्यांची यादी. वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी बीपी आणि शुगर एवढंच सांगितलं. प्रोस्टेटसाठी ते रात्री टॅमसुलोसिन घ्यायचे, ते सांगितलं नाही, कारण डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध? संबंध आहे. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि औषध घालून मोठी केलेली बाहुली ऑपरेशन चालू असतानाच आकसायला लागते. डोळ्यांच्या डॉक्टरांना हे 2005 पासून ठाऊक आहे. आधी कळलं तर ते वेगळी तयारी ठेवतात, आयत्या वेळी कळलं तर त्यांची धावपळ होते आणि बाहेर बसलेल्याच्या तोंडचं पाणी पळतं. निभावलं, पण माझ्या हुशारीने नव्हे. आणखी एक: ही गोळी कधीच बंद केलेल्या लोकांनाही असा त्रास झालेला आहे. म्हणून यादीत बंद केलेल्या गोळ्यासुद्धा लिहायच्या. हो, बंद केलेल्यासुद्धा.

यादी आठवून करू नका. औषधांचा डबा पलंगावर पालथा घाला. निम्म्या पट्ट्यांवर नाव सापडणार नाही, कारण दुकानदार पाच गोळ्या कापून देतो आणि नाव राहतं त्याच्याकडच्या तुकड्यावर. तिथे बिल शोधा, नाहीतर पट्टी घेऊन दुकानात जा. ‘ती छोटी पांढरी’ यादीत चालत नाही. कंपनीचं नाव, आतलं औषध, किती मिलिग्रॅम, केव्हा आणि कशासाठी, एवढं हवं. डोळ्यांचे थेंब, पंप, इन्सुलिन, काढे, शेजारच्या काकूंनी दिलेली ‘गुडघ्याला एकदम छान’ गोळी, सगळं त्यात आलं पाहिजे. आईला ‘औषधं कुठली घेतेस?’ विचारलं तर ती चूर्णाचं नाव काढणार नाही. ‘सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय काय टाकतेस?’ असं विचारा. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती सगळ्यात वर, लाल पेनाने.

यादीच्या प्रती तीन: सर्जन, भूलतज्ज्ञ, वॉर्डची सिस्टर. फोनमधला फोटो पुरत नाही. विचारणारे वर विचारतात तेव्हा तुम्ही फोन घेऊन खाली मेडिकलच्या रांगेत असता.

मग त्या यादीवर डॉक्टरांकडूनच प्रत्येक ओळीसमोर लिहून घ्या: चालू, की बंद, आणि बंद तर कधीपासून. स्वतःचं डोकं चालवू नका. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करणं महागात पडू शकतं, स्टेंट असेल तर फारच. मनाने चालू ठेवणंही धोक्याचं. शुगरची डापाग्लिफ्लोझिन साधारण तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, कारण उपाशीपोटी ती चालू राहिली तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. मशिनवर आकडा ठीक दिसतो आणि कुणाला शंका येत नाही. यादीत ती गोळी नसेल तर कोण थांबवणार?

उपाशी म्हणजे उपाशी. दुधाचा चहा हे पाणी नव्हे, त्याला जेवणासारखेच सहा तास धरतात. मंगळसूत्र, कवळी, नेलपॉलिश: काढा. कुठला गुडघा, ते आईने स्वतः सांगावं आणि त्याच पायावर तिच्या डोळ्यांदेखत खूण व्हावी. भूल दिल्यावर ती बोलणार नाही आणि तुम्हाला आत सोडणार नाहीत.

संमतीपत्र. आई शुद्धीत आहे, सज्ञान आहे, तर सही तिची. ‘मुलाने केली तरी चालते’ हे ऐकून घेऊ नका. 2008 च्या समीरा कोहली खटल्यात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. फॉर्मवर रिकाम्या जागा असतील तर आधी भरून घ्या. इंग्रजी कळत नसेल तर मराठीत समजावून सांगायला लावा, आणि मागे लोक खोळंबलेत म्हणून घाई करू नका.

वॉर्डमध्ये सलाईनमध्ये काय सोडताय, हे विचारा. सिस्टर वैतागतील, वैतागू देत. ड्यूटी बदलली की नवीन सिस्टरला यादी पुन्हा दाखवा. रात्री बाथरूमला एकटं जाऊ द्यायचं नाही.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरी जायची घाई असते आणि तिथेच घोळ होतो. नव्या गोळ्या जुन्या यादीशेजारी ठेवून ताडून पाहा. थांबवलेली कुठली, कधी परत सुरू करायची? डोलो आणि क्रोसिन दोन्हींत पॅरासिटामॉलच, नावं वेगळी म्हणून दोन्ही चालू ठेवली की डोस दुप्पट. टाके कधी, फोन कुणाला, तेही विचारून घ्या.

कागद: डिस्चार्ज कार्ड आणि तपशीलवार बिल हातात पडल्याशिवाय निघू नका. संपूर्ण केसपेपरची प्रत हवी असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे 72 तासांत द्यावी लागते. भांडायचंच असेल असं नाही, पण पुढच्या डॉक्टरला लागते. भांडायची वेळ आलीच तर पैसे घेऊन केलेले उपचार 1995 पासून ग्राहक कायद्यात येतात, मुदत दोन वर्षं. ऑपरेशन फसलं म्हणजे हलगर्जीपणा झाला असं होत नाही. तो सिद्ध करावा लागतो, आणि बहुधा दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. डॉक्टरांना आपण काय सांगितलं होतं हाही प्रश्न तिथे निघतो, म्हणून यादीच्या एका प्रतीवर तारीख आणि सही घेऊन ठेवा.

घरी कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये दांडी, पायपुसणी उचलून ठेवा. फळं घेऊन भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं.