स्पॅनिश ‘दोन्दे’ची व्युत्पत्ती कशी शोधावी

‘कुठे’ या अर्थाच्या स्पॅनिश ‘दोन्दे’चे मूळ शोधताना प्रश्नार्थक रूपातील ‘ओ’वरचे आघातचिन्ह बाजूला ठेवावे, ती नंतरच्या लेखनपद्धतीची सोय आहे. मग लॅटिनमधील दोन शब्द समोर घ्यावेत : ‘उबी’ म्हणजे कुठे आणि ‘उन्दे’ म्हणजे कुठून.

येथे अर्थ जुळतो म्हणून ‘उबी’ची निवड करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो साफ चुकीचा आहे. ‘उबी’तून ‘न्द’ हे जोडाक्षर येऊच शकत नाही. ‘उन्दे’तील आघातयुक्त ऱ्हस्व ‘उ’चा मात्र स्पॅनिशमध्ये नियमाने ‘ओ’ होतो, त्यामुळे ‘ओन्दे’ हे रूप सरळ मिळते आणि त्याला ‘पासून’ या अर्थाचे ‘दे’ जोडले की ‘दोन्दे’ तयार होते.

खरी अडचण यापुढे आहे आणि याच टप्प्याने मला सर्वाधिक काळ अडवून ठेवले : ‘कुठून’चे ‘कुठे’ झाले कसे? त्यासाठी ‘उबी’चे काय झाले ते पाहावेच लागते. झिजत झिजत त्याचा जुन्या स्पॅनिशमध्ये केवळ ‘ओ’ उरला. सुमारे १२०० सालच्या ‘कांतार दे मिओ सिद’ या स्पॅनिश वीरकाव्यात तो ‘जिथे’ या अर्थी भेटतो. पण ‘किंवा’ या अर्थाचा शब्दही ‘ओ’च होता. इतक्या दुबळ्या शब्दाची जागा भरण्यासाठी ‘दे’ जोडून ‘दो’ आला आणि अखेरीस ‘दोन्दे’ने ती बळकावली. त्यात ‘कुठून’चा अर्थ पुसट झाल्यावर पुन्हा ‘दे’ लावावे लागले. म्हणून ‘तू कुठला?’ विचारणाऱ्या ‘दे दोन्दे एरेस?’मध्ये मुळाकडे पाहिल्यास ‘पासून’चा अर्थ तीनदा दडलेला आहे. हे पायरीपायरीने न दाखवता ‘अर्थ बदलला’ एवढेच सांगणारे स्पष्टीकरण स्वीकारू नये.

भगिनीभाषांशी ताडून पाहावे : पोर्तुगीज ‘ओन्दे’ आणि कॅटलान ‘ओन’ ‘उन्दे’पासून, तर फ्रेंच ‘ऊ’ ‘उबी’पासून आले आहेत.

शेवटी स्पॅनिश राजअकादमीच्या ‘कोर्दे’ या ऐतिहासिक संग्रहातील जुनी वाक्ये कालक्रमाने वाचावीत. ‘येणे’ या क्रियापदासोबतच्या ‘दोन्दे’वर विसंबू नये, कारण तेथे ‘कुठून’ हा जुना अर्थही बसतो. ‘असणे’ या क्रियापदासोबत आलेला ‘दोन्दे’च बदललेल्या अर्थाचा भक्कम पुरावा देतो.